घासलेले नंबर

४ मार्च

आणि आतल्या पार्टचा नंबर उघडा पडला की धंदा बुडतो हे तुमचं म्हणणं खरं असेल ना अप्पा, तर आमच्या कंपनीला काल संध्याकाळीच टाळं लागायला हवं होतं. नाही लागलं. आज सकाळी कामावर गेलो, मशिनं चालू, मामा नेहमीसारखे माझ्यावर खेकसले, चहासुद्धा वेळेवर आला. बोला आता.

तुम्ही बोलणार नाही, माहीत आहे. ताई पत्र वाचायला घेते आणि तुमची सोल्डर गन नेमकी तेव्हाच हरवते. म्हणून ताईला सांगून ठेवलंय, या वेळी दारात बसून वाच. उठायचं तर तिला ओलांडून जावं लागेल.

काल झालं ते सांगतो. आमची कंपनी मिक्सर बनवते. ताई, हसू नको, चटणीचा नाही. गाणाऱ्यांचे माइक आणि वाद्यं ज्यात लावतात तो बटणांचा डबा. मी तो तपासतो आणि खोक्यात भरतो. डब्याबरोबर कंपनी एक प्रोग्रामही विकायची. डबा कॉम्प्युटरला जोडला की त्या प्रोग्राममध्ये गाणं रेकॉर्ड करायचं, कापायचं, मागची खरखर काढून टाकायची. त्याचे पैसे वेगळे, आणि ते थोडे नव्हते.

काल मालकीणबाईंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "आजपासून आपला प्रोग्राम सगळ्यांना फुकट. नुसता प्रोग्राम नाही, तो आतून कसा लिहिलाय ते सगळं उघडं. ज्याला हवं त्यानं वाचावं, बदलावं, पुढे द्यावं." याला ओपन सोर्स म्हणतात. पुढे बसलेल्या कॉम्प्युटरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे आम्ही पॅकिंगवाले एकमेकांची तोंडं बघत उभे.

मामा म्हणजे आमचे फोरमन. त्यांनी आयुष्यात दोन कारखाने बंद होताना पाहिलेत. ते माझ्या कानात म्हणाले, "संपलं रे. माल फुकट वाटायला लागले की समज, दुकान आवरतायत. आपलं आपलं उचल."

उचललं की! माझं कामावरचं स्टूल आठवतंय का, मागे लिहिलं होतं ते, ज्याला मी स्वतः गादी शिवली होती? ते डोक्यावर घेतलं. मामांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, म्हणे ते त्यांनी घरून आणलं होतं. आणि नेमक्या जिन्यात मालकीणबाई समोर.

"कुठे निघालात?"

मामा घड्याळ छातीशी धरून म्हणाले, "काही नाही बाई, किती वाजले बघत होतो."

आज सगळी कंपनी मामांना वेळ विचारतेय.

पण मी झोपलो नाही नीट. दुःखानं नाही हो! डोकंच थांबेना. पैसे घेऊन विकायची वस्तू एक शहाणी बाई फुकट वाटते, वर आतलं सगळं दाखवते, आणि तिचे कामगार कामावर राहतात. हे कसं? मी शोधून काढणार आहे.

ताई फोनवर म्हणाली, तुम्ही महिनाअखेर दुकानाचा गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देताय. खरं का? म्हणाली, तुम्ही बनवलेले अँप्लिफायर बिघडून परत येतात आणि दाराशी थप्पी लागते. तुमचा हात आता थरथरतो, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक शिट्टी त्यांना हात लावत नाही, कारण आत एकाही पार्टवर नंबर नाही. गिऱ्हाईक तरी किती थांबणार, तयार डबा घेऊन मोकळं होतं. अप्पा, ती थप्पी कुणी लावली? मी नाही.

पैसे या वेळी पाठवत नाही. मागचे तुम्ही ताईला परत पाठवायला लावलेत. पाकीट तसंच, चिकटपट्टीसकट.


९ मार्च

शोधून काढलं! निम्मं तरी.

आमच्याकडे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मुख्य एक मॅडम आहेत. त्यांच्या कानांवर सारखे मोठाले हेडफोन, म्हणून आम्ही त्यांना कानटोपी म्हणतो. त्यांना ते माहीत आहे, वाढदिवसाला आम्ही केकवर तेच लिहिलं होतं. दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, फुकट का?"

"तू काय भरतोस खोक्यात?"

"डबे."

"डबे फुकट दिले का आम्ही?"

"नाही."

"मग? प्रोग्राम फुकट मिळाला की तो जास्त जण वापरणार. त्यांतले थोडे म्हणणार, याला जोडायला डबाही याच कंपनीचा घेऊ या. प्रोग्रामची विक्री तशीही घसरलीच होती. आम्ही काही धर्मशाळा काढलेली नाही."

हे मला आवडलं, की बाई सरळ बोलल्या. मी म्हटलं, ठीक आहे, फुकट द्या, पण आतलं कशाला दाखवायचं? कुणीतरी उचलेल, आपलं नाव लावेल, विकेल.

त्यांनी हेडफोन काढले. त्यांनी हेडफोन काढले म्हणजे गोष्ट मोठी आहे असं समजायचं.

म्हणाल्या, "उचलू दे. बरोबर एक लायसन्स आहे, म्हणजे अटींचा कागद. आमचं घ्या, बदला, विका सुद्धा. पण ज्याला द्याल त्याला तुम्ही केलेला बदलही असाच उघडा करून द्यायचा. झाकायचा नाही. आणि एखाद्या बड्या कंपनीला झाकूनच विकायचं असेल, तर तिनं आमच्याकडे यावं आणि वेगळ्या लायसन्सचे पैसे मोजावेत. उघडं ठेवणाऱ्याला फुकट, झाकणाऱ्याला विकत."

अप्पा, मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. झाकणाऱ्याला विकत! असं डोकं आपल्या कुणाचं कधी चाललं का?

अजून आहे. जाहीर करून आठवडा होत नाही, तर कुठल्या तरी लांबच्या देशातून एका वादकानं त्यांना बदल पाठवला. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. प्रोग्राममधली बटणं त्याला सापडायची नाहीत, आणि आतलं झाकलेलं होतं तोवर तो काही करू शकत नव्हता. आता उघडं मिळाल्यावर त्यानं असं केलं की बटणावर आलं की बटण बोलतं. आपलं नाव सांगतं. आणि ते त्यानं परत पाठवलं, सगळ्यांसाठी. कानटोपी म्हणाल्या, "हे काम आमच्या यादीत तीन वर्षं शेवटच्या नंबरावर होतं. आम्ही कधीच केलं नसतं." मला ते ऐकवलं. डोळे मिटून मी बटणं शोधली आणि खरंच सापडली. मामांनीही करून बघितलं, ते डोळे मिटून भलत्याच बटणावर गेले आणि सगळं पुसून टाकलं. पण तो भाग वेगळा.

आता तुमचं.

आपल्या दुकानात अँप तयार झाला की शेवटचं काम काय? पॉलिश पेपर घ्यायचा आणि आतल्या प्रत्येक पार्टवरचा नंबर घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे कुणी उघडला तरी त्याला कळू नये की आत काय बसवलंय. ते मोठे ट्रान्झिस्टर माझ्याकडे असायचे. शाळा सुटली ती सुटलीच, पण घासायला मला कधी सुट्टी नव्हती. ती आठ पायांची छोटी आयसी मात्र तुम्ही कधी माझ्या हातात दिली नाही. भिंतीकडे तोंड करून स्वतः घासायचात. पोटच्या पोराकडे पाठ करून.

आणि त्या दिवशी तुम्ही तापानं पडलेले, सभागृहवाला अँप घेऊन दारात रडकुंडीला आलेला, संध्याकाळी त्याचा कार्यक्रम. मी शिट्टीला मोठ्या ट्रान्झिस्टरचा नंबर सांगितला. त्यानं बदलला. अँप वाजला. कार्यक्रम झाला. तुम्ही म्हणालात, "तू माझं दुकान कोपऱ्यावर नेऊन ठेवलंस." मी अजून म्हणतो, मी बरोबर केलं. सभागृहवाल्यानं पुढचा अँप आपल्याकडूनच घेतला होता की नाही? घेतला होता. तुम्ही त्याची पावती फाडलीत, माझ्याशी मात्र बोलला नाहीत.

ताई, इथे थांबू नको, पटकन पुढे वाच.

गाळा देऊ नका. एवढंच.


१६ मार्च

आता एक गोष्ट सांगतो ती ऐकून तुम्ही ताईवर ओरडणार. आधीच सांगतो, तिच्यावर ओरडू नका.

तुम्ही पोटमाळ्यावर शोधताय तो छोटा काळा अँप माझ्याकडे आहे. मी निघालो तेव्हा ताईनं माझ्या पिशवीत कपड्यांखाली घातला. स्टेशनवर उचलताना खांदा निखळला तेव्हा कळलं.

इथे आमची खोली म्हणजे चार खाटा, एक खिडकी, आणि खिडकीत तो. रोज कामावरून आलो की लावायचो. पहिल्या दिवशी शेजारच्या खोलीतला वायरमन भांडायला आला, म्हणाला, आवाज कमी कर. मग दारातच उभा राहून ऐकत बसला. म्हणाला, "भिंत हलत नाहीये, पण छातीत वाजतंय. कुणी बनवलाय?" मी म्हटलं, माझ्या बापानं. त्यानं उचलून उलटापालटा केला. वर काही नाही, खाली काही नाही. "नाव कुठाय?" म्हणाला.

अप्पा, नाव कुठाय?

तर तो गेल्या रविवारी बंद पडला. आधी गुरगुरला, मग गप्प. आम्ही चौघेही त्याच्याभोवती उभे, घरात कुणी आजारी पडल्यासारखे. मी उघडला. ट्रान्झिस्टर ठीक निघाले, ते मला कळतं. मेलीय ती आठ पायांची. तुमची लाडकी. वर आरशासारखी गुळगुळीत.

कंपनीत नेला. कानटोपी मॅडमनी बघितला, डबे डिझाइन करणाऱ्या साहेबांनीही बघितला. साहेब म्हणाले, "असे आठ पाय शंभर जातींना असतात. अंदाज करून एखादी बसवतो, वाजेलही. पण त्यांनी नेमकी कोणती बसवली होती ते कसं सांगू?" मी अंदाजाला नको म्हटलं. मला तुमचाच आवाज पाहिजे.

कानटोपींनी मात्र वेगळंच सांगितलं. पूर्वी त्या दुसऱ्याच एका कंपनीचा प्रोग्राम वापरायच्या. झाकलेला, कडीकुलपातला. ती कंपनी बुडाली. नवीन कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालेना, आणि आतलं कुणालाच माहीत नाही. त्यांच्या आईनं गायलेली गाणी त्यात होती. फाइल समोर दिसते, उघडत नाही. आई आता नाही. त्या म्हणाल्या, "मालकीणबाईंना मी हीच गोष्ट सांगितली होती. आपण उद्या नसलो, तरी लोकांचं गाणं उघडलं पाहिजे. एवढी खात्री दिली की लोक आपल्यावर विश्वास टाकतात, आणि विश्वास टाकला की मग खरेदी करतात."

मी तो अँप परत पिशवीत घातला.  आता तुम्हाला सांगतो. तुमचा हात थरथरतो, उद्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतील, आणि गावभर तुमचे अँप एकेक करून गप्प होतील. कुणी उघडेल, गुळगुळीत आयसी बघेल आणि भंगारात टाकेल. सभागृहातला, शाळेतला, बँडवाल्याचा. आणि माझा.

त्या आयसीचा नंबर सांगा. पत्र नको, ताईला सांगा, ती फोन करेल. शिट्टीला सांगणार नाही. वाटलं तर माझ्याशी बोलूही नका. नंबर तेवढा सांगा.


२१ मार्च

अप्पा! अप्पा! अप्पा!

जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तर होतात पलीकडे. पण मी लिहिणारच. ताईला अर्धंच ऐकू आलं असेल, आणि मला ते कागदावर पाहिजे.

जेवणाची सुट्टी. मी खोक्यांवर बसलेलो. फोन वाजला, ताईचा. मी म्हटलं, "हं ताई." पलीकडून खाकरल्याचा आवाज. मी उभाच राहिलो. मामा म्हणाले, काय रे, साप चावला का?

तुम्ही ना कसा आहेस विचारलंत, ना काही. म्हणालात, "लिही. चार, पाच, पाच, आठ."

मी हातावर लिहिलं. बघितलं. परत बघितलं. आणि मला हसू फुटलं. काय करू? अहो, ती तर कुठल्याही दुकानात मुठीनं मिळते! आमच्या तपासणीच्या टेबलाखाली तिची बरणी भरलीय. मी लहानपणापासून समजत होतो की परदेशातून चोरून आणलेली काहीतरी जडीबुटी असणार.

"हसू नकोस," तुम्ही म्हणालात.

"अप्पा, ही तर गोळ्या-बिस्किटांच्या भावात मिळते."

"म्हणूनच घासत होतो."

  मग म्हणालात, "आत सगळं साधंच आहे हे लोकांना कळलं असतं, तर माझ्या हाताला कुणी पैसे दिले असते?"

  याचं उत्तर पुढे लिहितो, थांबा.

फोन चालू ठेवूनच पिशवीतला अँप काढला आणि आयसी बसवली. साहेबांनी बरणीतली दिली, सोल्डर मी केलं. वाजला! पण आवाज बारीक केला की किरकिर, घशात काटा अडकल्यासारखी. कारण सांगतो, उघडताना मी तो आतला छोटा स्क्रूही फिरवून बसलो होतो. हे मी ताईला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगणार नव्हतो. पण तुम्ही फोनवरूनच म्हणालात, "गाढवा, डावीकडच्या स्क्रूला हात लावलास ना?" कसं कळलं?

मग मी फोन स्पीकरशी धरला. मामांनी पंखा बंद केला, खोकी ओढणाऱ्या पोरांना गप्प केलं. अख्खं पॅकिंग चिडीचूप.

"फिरव. उलटा. थांब. जास्त झालं. मागे घे. अजून पाव फेरी."

मी फिरवली.

"तुझी पाव फेरी नाही रे. माझी."

मी डोळे मिटले. तुम्ही स्क्रू फिरवताना जीभ दाताखाली धरता, तशी धरली. खोटं नाही सांगत, खरंच धरली. आणि फिरवली जराशी. किरकिर गेली. अशी गेली की जणू कधी नव्हतीच. खाली राहिला तो नुसता आवाज, आपल्या दुकानातला, संध्याकाळी शटर अर्धं ओढून तुम्ही तपासता तेव्हाचा.

"हं," तुम्ही म्हणालात. आणि फोन ठेवलात. ते "हं" मी पुरवून पुरवून वापरणार आहे.

कानटोपी दारात उभ्या होत्या, हेडफोन गळ्यात. त्यांना मी सगळं सांगितलं, चार पाच पाच आठ सुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचंही असंच आहे. आमच्या प्रोग्राममध्ये जे लिहिलंय त्यातलं बरंचसं पुस्तकात मिळतं. लोक पैसे देतात ते अडलं की फोन कुणाला करायचा, याचे. तुझ्या वडिलांनी आत्ता फोनवर जे केलं ना, ते घासून काढता येत नाही आणि चोरताही येत नाही."

हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, अप्पा. हाताला पैसे कोण देईल? स्क्रू चुकीचा फिरवणारे देतील. माझ्यासारखे. आम्ही पुष्कळ आहोत.


२८ मार्च

ताईचा फोन आला. कव्हरवाला गाळा बघायला आला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "आज वेळ नाही, पोराचा कागद यायचाय." ताईनं हे मला तीनदा सांगितलं, म्हणजे मीच तिला तीनदा सांगायला लावलं.

कागद सोबत आहे. नीट उघडा, घडीवर फाटतो.

ही आपल्या अँपची आतली आकृती. कानटोपी मॅडमनी काढली, मी अँप उघडा धरून सांगत होतो. दोनदा मी चुकीचं सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनी मला गप्प बसवलं. प्रत्येक पार्टसमोर नंबर. मोठ्या ट्रान्झिस्टरसमोरही, आयसीसमोरही. स्क्रूसमोर लिहिलंय: याला हात लावू नये, सेटिंग दुकानात करून मिळेल. हा कागद प्रत्येक अँपच्या झाकणाच्या आतून चिकटवायचा. दाराशी थप्पी आहे तिथून सुरुवात.

शिट्टी पार्ट बदलेल, बदलू दे, त्याचे पैसे तो घेईल. सेटिंगला मात्र तुमच्याकडेच पाठवेल. मी त्याच्याशी बोललोय. म्हणाला, "तुझ्या बापानं इतकी वर्षं मला मेकॅनिकचा आंधळा करून ठेवला. आता पाठवीन, पण चहा पाजायला सांग." पाजा. सोल्डर ताई करेल. दिवाणखान्यातला रेडिओ कुणी दुरुस्त केला असं तुम्हाला वाटतं? तुमच्या हातापेक्षा तिचा सरळ चालतो. तुम्ही कान लावायचा आणि पाव फेरी द्यायची. तेवढ्याला थरथर आड येत नाही.

आणि नक्कल होईल म्हणून घाबरू नका. कंपनीच्या त्या लायसन्समध्ये एक अट आहे, ती मी आधी सांगितली नव्हती, कारण तेव्हा माझ्या डोक्यावरून गेली होती. काहीही बदला, पण वर ज्यांनी हे बनवलं त्यांची नावं आहेत ती खोडायची नाहीत. त्या अंध वादकाचंही नाव आता तिथे आहे. जगात कुठेही प्रोग्राम गेला तरी नावं बरोबर जातात. आपण काय केलं? नंबर घासायला बसलो आणि तुमचं नाव लिहायचंच राहिलं. इतके अँप गेले गावभर, एकावरही नाही.

म्हणून कागदाच्या खाली तुमचं नाव आहे. ठळक. ठळक घालायचं का, हे ताईनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "एवढं मोठं कशाला?" आणि मग जेवता जेवता म्हणालात, "खाली त्याचंही घाला. एवढे नंबर घासलेत त्यानं." घातलंय. बारीक अक्षरात. ते वाचायला चष्मा लावा.

आता पैसे. परत पाठवू नका, कारण हे पोराचे नाहीत, गिऱ्हाइकाचे आहेत. मामांना अँप पाहिजे. त्या दिवशी पंखा बंद करून उभे होते ना, तेव्हापासून मागे लागलेत. पूर्ण पैसे आधी देतायत, अट एकच, नंबर घासायचे नाहीत आणि कागद चिकटवलेला पाहिजे. मी किंमत साडेचार हजार सांगितली. मामांनी नोटा मोजल्या, मग खिशात हात घालून वर थोडे सुटे ठेवले. म्हणाले, "हे का ते तुझ्या बापाला बरोबर कळेल. म्हणावं, आता तुम्ही हसा."

पाठवतोय: ४५५८ रुपये.